घरगुती चित्रफितीचे स्थलांतर : कॅसेटपासून खिशातील पडद्यापर्यंत

आपल्या मंडळाची पन्नास वर्षे आणि घरगुती व्हिडिओ कॅसेटचे आयुष्य ही जवळजवळ एकाच काळात मोडतात. व्हीएचएस पद्धतीची कॅसेट जपानमध्ये १९७६ साली विक्रीस आली आणि ती चालविणारी यंत्रे बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलै महिन्यात ते काम थांबविले. म्हणजे अवघ्या चाळीस वर्षांत एक माध्यम जन्मास आले, घरोघर पोहोचले आणि अस्तंगत झाले. जबलपूरच्या मराठी घरांतील मुंजी, लग्ने, बारशी, गणेशोत्सवातील नाटके आणि भेडाघाटच्या सहली यांची हलती-बोलती चित्रे याच माध्यमाच्या हवाली झाली होती. माध्यम गेले, चित्रांचे काय झाले, हा प्रश्न सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विचारणे अप्रस्तुत ठरणार नाही, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात सांगता येईल. जी चित्रे एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात वेळेवर आणि नीट हलविली गेली ती वाचली. जी नुसती जपून ठेवली ती बहुधा गेली. पोथी कापडात बांधून ठेवली तर शंभर वर्षांनीही वाचता येते. चित्रफितीची गोष्ट तशी नाही. तिला वाचणारे यंत्र लागते, आणि यंत्राचे आयुष्य माणसाच्या आयुष्याहून लहान असते. हे कसे घडत आले, त्याचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

घरगुती चित्रणाचा उगम

चित्रपट म्हणजे नाट्यगृहातील करमणूक आणि घरगुती चित्रण म्हणजे त्याची पुढे निघालेली फुटकळ शाखा, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून जो पहिला खेळ केला, त्यातील एका लहानशा चित्रात ऑगस्ट ल्युमिएर आणि त्यांच्या पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला भरवीत आहेत. म्हणजे सिनेमाच्या पहिल्याच दिवशी पडद्यावर एक घरगुती चित्र होते. बाळाने घास घेतला, यापलीकडे त्यात कथानक नव्हते. पण पाहणाऱ्यांना तेवढे पुरेसे होते.

ल्युमिएरांची चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविली गेली. त्या खेळाने भारावून गेलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मराठी छायाचित्रकाराने विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या डिसेंबरात मुंबईस परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रणही सावेदादांनीच केले. आपल्या माणसाच्या कौतुकाचा प्रसंग आपणच टिपून ठेवावा, ही त्यामागची प्रेरणा कोणत्याही घरगुती चित्रणाहून निराळी नाही. दुर्दैवाने सावेदादांची ही चित्रे आज उपलब्ध नाहीत. त्यांची वर्णने राहिली, चित्रे गेली.

दादासाहेब फाळके यांचा आरंभही घरातूनच झाला. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याला अंकुर कसा फुटतो, वेल कशी वाढते, याचे चित्रण त्यांनी १९१२ साली एकेक चित्र घेत केले. ते पाहून पैसा उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्यात रोहिदासाच्या भूमिकेत त्यांचा मुलगा भालचंद्र होता. पुढे १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तेव्हा पी. के. नायर यांनी फाळके घराण्यात उरलेल्या तुकड्यांचा शोध घेऊन त्यांची जुळवाजुळव केली आणि त्यांच्या नव्या प्रती काढविल्या. आद्य चित्रपटकाराचे जे थोडे आज दिसते त्यात घरात राहिलेल्या डब्यांचा मोठा वाटा आहे. पण नुसते डबे राहिले असते तर तेही दिसले नसते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

खाजगी हाताने केलेले चित्रण समाजाच्या केवढ्या कामी येते, याचे आणखी एक उदाहरण देणे उचित होईल. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची अंत्ययात्रा मुंबईत निघाली. तिचे चित्रण नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. त्या दिवशी ते धाडस झाले नसते तर पुढील पिढ्यांना तो जनसागर केवळ वर्णनातूनच कळला असता.

फितीचे लहान रूप

सुरुवातीची फीत नायट्रेटची, अत्यंत ज्वालाग्राही. ती घरात बाळगणे म्हणजे दारूगोळा बाळगणे; आपल्या या कारखान्यांच्या शहरात त्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. म्हणून घरगुती उपयोगासाठी सहज पेट न घेणारी १६ मिलिमीटरची फीत १९२३ साली, तिच्या निम्म्या रुंदीची ८ मिलिमीटरची १९३२ साली आणि 'सुपर ८' १९६५ साली निघाली. सुपर ८ च्या एका डबीत पन्नास फूट फीत असे आणि तीत सुमारे तीन मिनिटे वीस सेकंदांचे चित्र मावे. तेवढ्यासाठी फीत विकत घ्यावयाची, ती धुण्यास पाठवावयाची, मग भिंतीवर चादर लावून प्रक्षेपकावर दाखवावयाची. साहजिकच हा छंद मोजक्या घरांपुरता राहिला. पण या फितीचा एक गुण वाखाणण्याजोगा होता : ती उजेडासमोर धरली की नुसत्या डोळ्यांनी चित्र दिसे. यंत्र नसले तरी तीत काय आहे हे कळे. पुढे आलेल्या कोणत्याही माध्यमात हा गुण उरला नाही.

कॅसेटचे दिवस

१५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. रंगीत संच घरात येण्यास हे निमित्त झाले आणि त्याच्यापाठोपाठ व्हिडिओ आला. प्रथम तो भाड्याने आणून रात्रभर चित्रपट पाहण्यासाठी होता. पण थोड्याच वर्षांत लग्नात फोटोवाल्याबरोबर व्हिडिओवाला दिसू लागला. खांद्यावर जड कॅमेरा, मागून प्रखर दिवा धरणारा मुलगा आणि त्या दिव्याच्या झोतात डोळे मिचकावीत आंतरपाटापाशी उभे असलेले वधूवर, हे दृश्य वाचकांस आठवत असेल. रायट टाऊनपासून खमरियाच्या वसाहतीपर्यंत कोणत्याही मराठी घरात दिवाणखान्यातील कपाट उघडावे, तर टीव्हीखालच्या कप्प्यात 'चि. सौ. कां.'च्या नावाची चिठ्ठी डकविलेली एक तरी कॅसेट हाती लागे.

ही कॅसेट म्हणजे अर्धा इंच रुंदीची चुंबकीय फीत. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे २५८ मीटर लांब असते. यंत्रातील गोल ढोलावर बसविलेली हेडे मिनिटाला दीड हजार फेरे घेत तिच्यावर तिरक्या रेघांत चित्र लिहितात. लिहिणे आणि वाचणे दोन्ही फितीला घासूनच होत असल्यामुळे प्रत्येक वेळी पाहताना ती किंचित झिजते. जबलपूरचे हवामान तिला विशेष मानवणारे नव्हे. मे महिन्याच्या उन्हाने फीत कोरडी पडते आणि पावसाळ्याच्या ओलीने तिच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी धरते. बुरशीची कॅसेट यंत्रात घातली की हेडे तुंबतात, पडद्यावर मुंग्या दिसू लागतात आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. त्यात २२ मे १९९७ च्या पहाटेपूर्वी झालेल्या भूकंपाने या शहरातील कित्येक घरांना तडे गेले. माणसे सावरावयाची त्या वेळी कॅसेटकडे कोण पाहणार?

परदेशी असलेल्या आप्तांनी पाठविलेल्या कॅसेटची अडचण आणखी निराळी. आपल्याकडील पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रे, तर अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत ५२५ रेघा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे. त्यामुळे न्यू जर्सीतील नातवाच्या वाढदिवसाची कॅसेट टपालाने यावी आणि जबलपूरच्या आजीच्या यंत्रावर ती गडबडलेल्या करड्या रेघांवाचून काही दाखवू नये, असे प्रसंग घडत. तेव्हा 'कॅसेट बदलून आणणे' हा शब्दप्रयोग रूढ झाला. घरगुती चित्राचे रूपांतर हा विषय सामान्य कुटुंबाच्या अनुभवास प्रथम आला तो येथे.

पहिले रूपांतर : चकती

१९९३ साली व्हिडिओ सीडीचे मान ठरले. पाश्चात्त्य देशांनी तिची फारशी दखल घेतली नाही, परंतु आशियात ती अफाट पसरली. एका चकतीत ७४ मिनिटे. म्हणून तीन तासांच्या लग्नाच्या तीन चकत्या होत आणि सप्तपदी नेमकी दोन चकत्यांमध्ये तुटे. तिच्या चित्राचे मान पाल पद्धतीत ३५२ गुणिले २८८ बिंदू. पाठोपाठ आलेल्या डीव्हीडीचे मान ७२० गुणिले ५७६, म्हणजे चौपटीहून अधिक बिंदूंचे. पण डीव्हीडी सर्वसामान्यांच्या आवाक्यात येईपर्यंत पुष्कळ घरांनी आपल्या कॅसेटच्या व्हीसीडी करून घेतल्या होत्या आणि 'आता सीडी झाली' म्हणून मूळ कॅसेट भंगारवाल्याला दिल्या होत्या. हा पहिला घाटा.

येथे रूपांतराचे तत्त्व समजून घेणे अगत्याचे आहे. चित्राची प्रत्येक चौकट पूर्ण लिहावयाची म्हटले तर जागा पुरत नाही. म्हणून एक चौकट पूर्ण लिहितात आणि पुढील काही चौकटींत फक्त काय बदलले तेवढेच नोंदवितात. वक्ता व्यासपीठावर स्थिर उभा असेल तर मागचा पडदा पुन्हा लिहावा लागत नाही. केवळ ओठ आणि हात यांची नोंद पुरते. ही युक्ती मोठी कुशल खरी, परंतु जुन्या कॅसेटपुढे ती अडखळते. आरतीच्या वेळी मंडपातील दिवे मंद केलेले असतात, चित्रावर बारीक कणांचा सडा असतो, कॅमेरा हातात हलत असतो. म्हणजे प्रत्येक चौकटीत सर्वत्र बदल आहे, असेच यंत्रास वाटते. ठरलेल्या जागेत एवढा बदल लिहिता येत नाही आणि मग चेहऱ्यांच्या जागी चौकोनी ठिपके उमटतात. आरतीचे ताट दिसते. ते धरणारी आजी ओळखू येत नाही.

दुसरे रूपांतर : खिशातील पडदा

२००१ साली केवळ गाणी ऐकविणारा आयपॉड निघाला. त्याच्यावर चित्र दिसू लागले ते २००५ च्या ऑक्टोबरात. अडीच इंचांचा पडदा, ३२० गुणिले २४० बिंदू. तत्पूर्वी २००४ च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेल्या पीएसपी या खेळण्याच्या यंत्रातही चित्रफिती पाहता येत. पुढे काही वर्षांतच बाजारात 'एमपीफोर प्लेअर' या नावाने स्वस्त चिनी यंत्रांचा सुळसुळाट झाला. त्यांचे पडदे याहूनही लहान आणि काहींची फाइलची पद्धतही स्वतःपुरतीच. नोकरी-शिक्षणासाठी पुणे-बंगळूरला गेलेली मुले बहिणीच्या लग्नाची चित्रफीत खिशात घेऊन जाऊ लागली. प्रवासात वरच्या बर्थवर पडून स्वतःच्या घरचे लग्न तळहातावर पाहावे, ही कल्पनाच नवलाची होती, आणि तिचे कौतुक वाटावे यात अस्वाभाविक काही नाही.

पण मोठ्या पडद्याचे चित्र लहान पडद्यात बसविताना काय होते ते पाहण्यासारखे आहे. ७२० गुणिले ५७६ म्हणजे एका चौकटीत ४,१४,७२० बिंदू; ३२० गुणिले २४० म्हणजे ७६,८००. पाचांतील चार भागांहून अधिक बिंदू येथेच गळले. आयपॉडसाठी चित्राची नोंद सेकंदाला ७६८ किलोबिटांत केली असे धरू. या हिशेबाने तासाभराचे चित्र आणि आवाज मिळून सुमारे ४०० मेगाबाइट होतात. तेच एक तासाचे चित्रण मिनिडीव्ही कॅसेटवरून संगणकात उतरविले तर सुमारे १३ गिगाबाइट भरते. म्हणजे खिशातील प्रत मूळ नोंदीच्या तिसाव्या हिश्शाहूनही लहान.

याशिवाय दोन बारकावे हटकून चुकत. पाल पद्धतीत एक चौकट दोन हप्त्यांत येते : आधी विषम रेघा, मग सम. जुन्या काचेच्या टीव्हीवर ते डोळ्यास कळत नसे. पण नव्या सपाट पडद्यावर हललेल्या हाताला कंगव्याचे दात फुटल्यासारखे दिसतात. रूपांतर करताना हे दोन हप्ते जुळवून घ्यावे लागतात. दुसरा बारकावा लांबी-रुंदीचा. टीव्हीचे बिंदू संगणकाच्या बिंदूंसारखे चौरस नव्हते. तो फरक न धरता प्रत काढली तर माणसे उंच आणि कृश दिसतात. उलट जुने चौकोनी चित्र ओढून रुंद पडद्यावर पसरले तर तीच माणसे बुटकी व स्थूल होतात. आजोबांना प्रत्यक्ष न पाहिलेली पणतवंडे त्यांना अशा चुकीच्या अंगलटीने ओळखतील, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

ही कामे घरी करण्यास साधने मात्र उत्तम निर्माण झाली होती. २००३ साली एच-२६४ हे संक्षेपाचे मान संमत झाले. २००० साली सुरू झालेले एफएफएमपेग आणि २००३ मधील हँडब्रेक हे कार्यक्रम विनामूल्य उपलब्ध झाले. आजही तेच उपयोगात आहेत. साधनांची उणीव नव्हती. उणीव होती ती विवेकाची. लहान यंत्रासाठी काढलेली लहान प्रत हीच एकमेव प्रत, असे मानले गेले. संगणकाची जागा भरली म्हणून मोठी फाइल पुसली, चकतीवर ओरखडे पडले, कॅसेटला बुरशी लागली आणि शेवटी उरली ती अडीच इंचांच्या पडद्यासाठी केलेली छबी. हा दुसरा घाटा, आणि पहिल्याहून मोठा. कारण ज्या यंत्रासाठी ती छबी केली तेही टिकले नाही. स्मार्टफोन आले आणि खिशातील प्लेअर निष्प्रभ झाले; २०२२ च्या मे महिन्यात आयपॉडचे उत्पादन बंद झाल्याचे जाहीर झाले. तीच छबी आज मोठ्या टीव्हीवर लावली की धुके पसरल्यासारखी दिसते.

आता काय करावयाचे

चुंबकीय फितींविषयीचा इशारा जगभर दिला गेला आहे. युनेस्कोने २०१९ साली हाती घेतलेल्या मोहिमेत २०२५ हे वर्ष सीमारेषा म्हणून सांगितले होते : त्यानंतर फिती असल्या तरी त्या वाचणारी यंत्रे, सुटे भाग आणि जाणकार हात सहजासहजी मिळणार नाहीत. या इशाऱ्याचा अर्थ सर्व संपले असा नव्हे. वेळ अगदी थोडा आहे, एवढाच. जयंती कॉम्प्लेक्ससारख्या संगणक-बाजारात नवे सर्व काही मिळेल, पण चालू स्थितीतील व्हीसीआर शोधावाच लागेल.

सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसास दस्तऐवजांची वर्गवारी अंगवळणी पडलेली असते. कोणता कागद कायम ठेवावयाचा, कोणता दहा वर्षे आणि कोणता कामापुरता, हे ठरलेले असते. घरगुती चित्रफितीलाही हाच नियम लावावा, असे आम्ही सुचवितो. मूळ कॅसेट म्हणजे कायमचा कागद. ती प्रत काढल्यावरही टाकू नये, कोरड्या जागी उभी ठेवावी. तीवरून संगणकात उतरविलेली पूर्ण मानाची फाइल ही अस्सल नक्कल. ती दोन वेगवेगळ्या घरांत, दोन वेगवेगळ्या डिस्कवर असावी आणि काही वर्षांनी नव्या डिस्कवर हलवावी. मोबाइलवर पाहण्यासाठी किंवा नातेवाइकांस पाठविण्यासाठी केलेली लहान प्रत हा कामापुरता कागद. ती हवी तितक्या वेळा करावी, पुसावी. मात्र तिला अस्सल समजू नये.

हे काम किती मोठे? समजा, मंडळाच्या सभासदांकडून तीन तासांच्या शंभर कॅसेट जमल्या. कॅसेट घाईने उतरविता येत नाही. तीन तासांस तीनच तास लागतात. म्हणजे तीनशे तास. रोज संध्याकाळी दोन तास दिले तर दीडशे दिवसांत काम पुरे होईल. ताशी १३ गिगाबाइट धरले तरी सर्व मिळून चार हजार गिगाबाइटांच्या आत बसते, आणि एवढे आता पुस्तकाएवढ्या एका डिस्कमध्ये मावते. म्हणजे अडचण पैशाची नाही, जागेचीही नाही. कोणी तरी बसण्याची आहे.

यंत्राने होणार नाही असे एक काम याहूनही निकडीचे आहे. चित्रातील माणसे कोण, प्रसंग कोणता, नाटक कोणते, मागे दिसणारे घर कोणाचे, हे सांगणारी मंडळी आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या शेजारी बसून, चित्र थांबवीत नावे लिहून घेतली पाहिजेत. फीत वाचली आणि नावे गेली, तर ती अनोळखी माणसांची गर्दी होय. शिवाय या फितींत आणखी एक ठेवा आहे, तो आवाजाचा. नर्मदाकाठी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी माणसांची ती बोली, हिंदीच्या वळणाने जाणारी, अधूनमधून बुंदेली हेल काढणारी, कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात लिहून ठेवलेली नाही. ती पंगतीत आग्रह करणाऱ्या काकूंच्या तोंडी आणि नाटकाच्या पडद्यामागून ऐकू येणाऱ्या कुजबुजीत आहे. आजची मुले ती तशी बोलत नाहीत.

मंडळाच्या पहिल्या पन्नास वर्षांचा अहवाल या स्मरणिकेत छापला जाईल. सभासदसंख्या, जमाखर्च, कार्यक्रमांची यादी, सर्व काही येईल. परंतु त्या वर्षांचा चेहरा आणि आवाज कपाटांतील काळ्या डब्यांत आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षाचे एक कार्य म्हणून कार्यकारिणीने दोन तरुण आणि दोन वयोवृद्ध सभासदांची समिती नेमावी, येत्या पावसाळ्यापूर्वी कॅसेट गोळा कराव्यात आणि गणेशोत्सवात पहिली उतरविलेली फीत सर्वांसमक्ष मोठ्या पडद्यावर दाखवावी, अशी आमची नम्र सूचना आहे. सावेदादांची कुस्ती आपण पाहू शकत नाही. आपल्या मंडळाचे पहिले नाटक तरी हीरक महोत्सवाच्या प्रेक्षकांना पाहता यावे.